एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन की मिर्टाझापिन? नैराश्याच्या गोळीची चिठ्ठी हातात आल्यावर

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून मला १९ वर्षं झाली. नैराश्याच्या गोळीची पहिली चिठ्ठी घेऊन आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. चिठ्ठी चार घड्या घालून खिशात असते. दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत तो बाहेर गाडीपाशी घुटमळतो. आत आल्यावर हळू आवाजात विचारतो, "ताई, ही झोपेची आहे का?" आणि मग, "माझ्या मेहुण्याला दुसरी दिलीय. त्याची चांगली की माझी?"

हा दुसरा प्रश्न अगदी रास्त आहे, पण काउंटरवर दोन मिनिटांत त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून इथे लिहिते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. गोळी कुठली ते डॉक्टरच ठरवणार. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय सांगायचं आणि काय विचारायचं हे तुम्हाला ठाऊक असेल, तर गोळी तुमच्या मापाची मिळते.

सगळ्यात आधी "जास्त पॉवरची कुठली" हा विचार सोडा. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा एकत्र अभ्यास आला. त्यात २१ औषधं होती आणि १ लाख १६ हजारांहून जास्त रुग्ण. औषध नसलेल्या, नुसत्या दिसायच्या गोळीपेक्षा सगळी २१ औषधं सरस ठरली. आपसांतला फरक त्या मानाने थोडा होता. सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅमची आणि एस्सिटालोप्राम १० ची, म्हणून पन्नासची भारी, असं समजणारे मला रोज भेटतात. दोन्ही आपापल्या जागी नेहमीचेच डोस आहेत. फरक पडतो तो तीन गोष्टींत: त्रास कोणता होतो, तुमच्या बाकीच्या गोळ्यांशी जमतं का, आणि सोडताना काय होतं.

माझ्या दुकानातून सगळ्यात जास्त जाते ती एस्सिटालोप्राम. सुरुवात ५ किंवा १० ने होते, वर जास्तीत जास्त २०. पोटाला त्यातल्या त्यात सोसवते, दिवसातून एकदाच घ्यायची, त्यामुळे डॉक्टरांनाही ती सोयीची वाटते. पण हिचा एक कच्चा दुवा हृदयाशी आहे. डोस वाढेल तसा ईसीजीमधला क्यूटी नावाचा काळ लांबतो आणि त्यातून ठोके बिघडू शकतात. म्हणून वयस्कर माणसांना बहुतेक वेळा १० च्या वर नेत नाहीत. आता आपल्याकडची गंमत नव्हे, काळजीची गोष्ट बघा. घराघरात सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची कॅप्सूल घेतली जाते आणि तिच्यात अनेकदा डॉम्पेरिडोन असतं. तेही क्यूटी लांबवतं. कॅप्सूलमध्ये ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल असेल, तर रक्तात एस्सिटालोप्रामचं प्रमाणच वाढतं. "ॲसिडिटीची गोळी काय, ती तर आम्ही रोजच घेतो" असं म्हणून ती डॉक्टरांना सांगायची राहते. ती आवर्जून सांगा.

सर्ट्रालिन इथे उजवी ठरते. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवर तिची चाचणी झाली, २००२ मध्ये निष्कर्ष आले, आणि हृदयाला धोका दिसला नाही. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या चिठ्ठीवर सर्ट्रालिन दिसली की मला हायसं वाटतं. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातही ती फारच थोडी उतरते, म्हणून बाळंतपणानंतरच्या नैराश्यात तिला पसंती असते. डोस ५० पासून २०० पर्यंत पायरीपायरीने वाढवता येतो. तिची खोड पोटाची. पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ आणि पातळ शौच हिच्यात जास्त दिसतात. जेवणानंतर घेतली तर बऱ्याच जणांना निभावते.

दोघींचाही एक त्रास सारखाच आहे आणि त्याबद्दल काउंटरवर कोणी बोलत नाही: शरीरसंबंधाची इच्छा कमी होणं, उशीर लागणं. पुरुष तर सांगतच नाहीत, तिसऱ्या महिन्यात गुपचूप गोळी बंद करतात. बायका त्याहून कमी सांगतात. डॉक्टरांना हे ऐकायची सवय असते. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते.

फ्लुओक्सेटिन शरीरात फार काळ टिकते. गोळी बंद केली तरी तिचा अंश काही आठवडे रक्तात राहतो. याचा फायदा असा की एखाद्या दिवशी विसरलात तर बिघडत नाही, आणि सोडताना त्रास सगळ्यात कमी. तोटा असा की दुसरं औषध सुरू करायचं तर वाट बघावी लागते. ही सकाळी घ्यायची. संध्याकाळी घेतली तर झोप उडते. ज्याला आधीच चैन पडत नाही, हातपाय स्थिर राहत नाहीत, त्याला ती सुरुवातीला जड जाते. शाळकरी मुलांमध्ये औषध द्यायची वेळ आलीच, तर हिचाच पुरावा सगळ्यात भक्कम आहे. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल तर मात्र फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन (नैराश्याचीच आणखी एक गोळी) दोन्ही टाळायच्या, कारण त्या टॅमॉक्सिफेनचं काम अडवतात.

मिर्टाझापिन वेगळ्याच घरातली. रात्री घ्यायची, झोप आणते, भूक वाढवते, आणि शरीरसंबंधातला त्रास कमी. आजोबा जेवत नाहीत, रात्रभर छताकडे बघतात, वजन उतरलंय, अशा वेळी ती देवासारखी धावून येते. ज्याचं वजन आधीच जास्त आहे, साखर काबूत नाही, त्याने मात्र दहादा विचार करावा. चार महिन्यांत पँटचं माप बदलावं लागलेले लोक मी पाहिलेत.

अमिट्रिप्टिलिन जुनी आणि स्वस्त. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते. अर्धशिशी किंवा नसांच्या दुखण्यासाठी १० मिलिग्रॅमची लिहून दिली असेल, तर "मला डिप्रेशन ठरवलं का?" म्हणून घाबरू नका. पण एकदम जास्त गोळ्या घेतल्या तर ही हृदयावर फार घातक ठरते. घरात कोणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर हिचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा, आणि महिन्याऐवजी आठवड्याच्याच गोळ्या न्या.

'प्लस'चं काय?

यावर मला जरा सविस्तर बोलायचंय. पट्टीवर नावापुढे 'प्लस' किंवा असंच काही लिहिलं असेल, तर मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक वेळा तिथे एस्सिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ असं सापडेल. म्हणजे एका गोळीत दोन औषधं. क्लोनाझेपाम त्याच रात्री शांत वाटायला लावतं, म्हणून लोकांना 'प्लस' आवडते. पण सवय लागते ती क्लोनाझेपामची. काही आठवड्यांसाठी द्यायचं औषध दोन-दोन वर्षं चालू राहतं, कारण ते दुसऱ्याच्या पोटात दडलेलं असतं. म्हाताऱ्यांचा तोल जातो, गाडी चालवताना डुलकी लागते, दारूबरोबर घेतलं तर श्वास मंदावतो. आणि "बरं वाटतंय" म्हणून माणूस पट्टी एकदम बंद करतो, तेव्हा दोन्ही औषधं एकाच दिवशी सुटतात. माझं स्पष्ट मत आहे: क्लोनाझेपाम लागत असेल तर ते वेगळं लिहून मागा. म्हणजे ते आधी कमी करून थांबवता येतं आणि मूळ गोळी चालू राहते.

आता घरातलीच गोष्ट. माझ्या सासूबाईंना एस्सिटालोप्राम सुरू झाली. बीपीची गोळी आधीपासून होती, लघवी वाढवणारा थायाझाइड घटक असलेली. अकराव्या दिवशी त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि मला नणंदेच्या नावाने हाक मारली. आम्हाला वाटलं, नैराश्य वाढलं. रक्त तपासलं तर सोडियम १२१, म्हणजे रक्तातलं मीठ फारच उतरलेलं. साठीनंतर या गोळ्यांनी सोडियम उतरू शकतं आणि थायाझाइड सोबत असेल तर जास्तच. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, आणि त्या कोणी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, मीही नाही. त्यानंतर त्यांना मिर्टाझापिन दिली, बीपीची गोळी बदलली. आता साठीपुढचं कोणी पहिली चिठ्ठी घेऊन आलं की मी विचारतेच, "बीपीची कुठली चालू आहे? दोन आठवड्यांनी सोडियम बघायला सांगितलंय का?"

बाकीच्या गोळ्यांपैकी तीन गोष्टी डोक्यात ठेवा. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळ्या किंवा ॲस्पिरिन यांच्याबरोबर एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल असलेली दुखण्याची गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत लिनेझोलिड देतात, तेव्हा टीबीच्या डॉक्टरांना ही गोळी दाखवलीच पाहिजे. अशा जोडीने अंगाला कंप, दरदरून घाम, ताप, स्नायू ताठर होणं आणि बेचैनी एकत्र दिसली तर थेट दवाखाना गाठायचा.

सुरुवात कोणत्याही गोळीची असो, त्रास आधी येतो आणि गुण नंतर. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा पहिल्या आठवड्यात; बरं वाटायला दोन ते चार आठवडे, आणि गोळी लागू पडली की नाही हे ठरवायला सहाएक आठवडे. घरच्यांना फरक आधी जाणवतो: माणूस न सांगता आंघोळीला उठतो, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरतो. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर या काळात डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये लहान मुलांसाठी आणि २००७ मध्ये चोविशीपर्यंतच्या तरुणांसाठी ठळक इशारा छापायला लावला. असे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि पूर्वी कधी झोपेशिवाय दिवसेंदिवस उत्साहाचं भरतं आलं असेल, अफाट खर्च झाला असेल, तर ते आधीच सांगा. बायपोलरच्या आजारात नुसती ही गोळी उलटू शकते.

बरं वाटल्यावर निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची, आजार पुन्हा-पुन्हा आला असेल तर दोन वर्षं. बंद करताना टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांना विचारून. एकदम सोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गरगरतं, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, उगाच रडू येतं. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या नैराश्याच्याच गोळ्या याबाबतीत सगळ्यात कडक. याला लोक व्यसन म्हणतात, पण या गोळीची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

मग मेहुण्याची चांगली की तुमची? हृदयाचं दुखणं असेल किंवा तान्हं बाळ असेल, तर सर्ट्रालिनबद्दल विचारा. गोळ्या विसरायची सवय असेल तर फ्लुओक्सेटिनबद्दल. झोप आणि जेवण दोन्ही गेलं असेल तर मिर्टाझापिनबद्दल. यातलं काहीच नसेल तर एस्सिटालोप्राम ठीकच आहे. मेहुण्याचं सोडा, पण सख्ख्या भावाबहिणीला एखादी लागू पडली असेल तर तेही सांगा, डॉक्टर ते विचारात घेतात. आजार सौम्य असेल तर गोळीआधी समुपदेशनाचा पर्याय विचारा. पैशांची अडचण असेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार ओपीडी असते, आणि जेनेरिक गोळी घेतली म्हणून गुण कमी येत नाही.

सासूबाईंच्या सगळ्या गोळ्यांची यादी मी कॅलेंडरच्या मागे चिकटवलीय. बीपीची, गुडघ्यांची, ॲसिडिटीची आणि ही. कुठल्याही दवाखान्यात निघालो की त्या स्वतःच कॅलेंडर उलटं करतात आणि म्हणतात, "फोटो काढ गं आधी."