सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी भातुकली

बाहुलीघर सजवणारे संग्राहक बहुधा १:१२ हे प्रमाण, म्हणजेच एका फुटाला एक इंच, पाळतात. परंतु जाते, रवी, पाटा-वरवंटा अशा आपल्या माजघरातल्या वस्तू त्या मापात सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून मी सावंतवाडीच्या चितार आळीतून लाकडी भातुकलीचा संच घेतला.

संचातले जाते मला सर्वांत आवडले. त्याची वरची तळी मधल्या आसाभोवती खरोखरच फिरते, आणि तोंडातून टाकलेले राजगिऱ्याचे दाणे दोन तळ्यांच्या फटीतून बाहेर येतात. या वस्तू रंगवताना लेथवर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडावर बसतो. ही कातकामाची रीत असल्यामुळे हंडा-कळशीच्या गोलाईवर ब्रशचा एकही फराटा दिसत नाही. हंड्याच्या गळ्याशी लाल आणि पिवळ्या पट्ट्यांची कड इतकी नेमकी जुळली आहे, की तो हातातून खाली ठेववत नाही.

मापांत मात्र मेळ नाही. चूल पाटापेक्षा मोठी आहे, तर पोळपाट जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा आहे. घरी आल्यावर रवीचा दांडाही निखळला. तो मी डिंकाने बसवला. मुळात हा संच मुलांच्या खेळासाठी घडवलेला असल्यामुळे काटेकोर प्रमाण हवे असणाऱ्यांनी मोजपट्टी सोबत नेऊन एकेक नग निवडून घ्यावा. जाते आणि हंडा-कळशी मी पुन्हा नक्की घेईन.