फळाभाज्यांची ओळख करून देणारे होटगी रस्त्यावरचे दुकान

सोलापुरात होटगी रस्त्यालगतच्या या दुकानात जवळपास प्रत्येक टोपलीसमोर मराठीत लिहिलेली एक पाटी असते आणि तिच्यावर भावाखेरीज त्या फळाची किंवा भाजीची ओळख, ती निवडण्याची खूण आणि तिचे गुणधर्म दिलेले असतात. मेथी, शेपू, पालक यांच्यापलीकडे पालेभाजी न पाहिलेल्या तरुण मंडळींना त्यामुळे अंबाडी, चुका, चाकवत, घोळ आणि करडईची कोवळी पाने नावानिशी ओळखता येतात, ही या दुकानाची खरी कमाई आहे.

सर्वांत उपयुक्त पाट्या स्वयंपाकाशी निगडित आहेत. अंबाडी आधी उकडून तिचे पाणी काढून टाकावे, म्हणजे आंबटपणा बेताचा होतो, आणि मग ज्वारीच्या कण्या घालून वर लसणाची चरचरीत फोडणी द्यावी, इतके नेमके मार्गदर्शन तेथे मिळते. डाळिंबाच्या पाटीवर भगवा आणि गणेश या वाणांतील फरक सांगितला आहे, शिवाय गोलगरगरीत फळापेक्षा किंचित कोनदार झालेले आणि हाताला जड लागणारे फळ घ्यावे, असाही सल्ला आहे. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालेले असल्याचा उल्लेख आहे. परंतु शहरालगत केगाव येथे असलेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा आणि तेथे विकसित झालेल्या, लोह, जस्त व क जीवनसत्त्व अधिक असलेल्या ‘सोलापूर लाल’ या वाणाचा त्यात मागमूस नाही, हे आश्चर्यच म्हणायचे.

आरोग्याविषयीच्या मजकुराबाबत मात्र ग्राहकाने सावध राहावे. ‘कारल्याने मधुमेह बरा होतो’ हे विधान सरळसरळ चुकीचे आहे आणि औषधे घेणाऱ्या रुग्णाने त्यावर विसंबणे धोक्याचे ठरेल. ‘बीट रक्त वाढवते’ हा समज त्याच्या रंगावरून रूढ झाला असावा. तो रंग बीटालेन या रंगद्रव्यांचा असतो, लोहाचा नव्हे. ड्रॅगन फ्रूटची पाटी क जीवनसत्त्वाचा मोठा गाजावाजा करते, पण शेजारच्या टोपलीतला स्वस्त पेरू या बाबतीत त्याच्या कितीतरी पुढे आहे आणि त्याच्या पाटीवर केवळ ‘गोड, बियांचा’ एवढेच लिहिले आहे! घोळीत ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ल असते ही माहिती बरोबर आहे; मात्र तिच्यात, तसेच पालक व चुक्यात, ऑक्झॅलेटचे प्रमाण बरेच असल्याने मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा, ही सूचना कोठेही दिसत नाही. पालेभाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जावे म्हणून जेवताना वर लिंबू पिळावे, हे एक वाक्य जोडले असते तरी या पाट्यांचे मोल वाढले असते.

मालाचा दर्जा चांगला आहे आणि विक्रेते न कंटाळता प्रश्नांची उत्तरे देतात. पेंड्या टवटवीत दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर दिवसभर पाणी मारले जाते, त्यामुळे संध्याकाळी घेतलेली कोथिंबीर दुसऱ्या दिवशी आतून काळी पडलेली आढळते. पालेभाजी घ्यायची असल्यास सकाळीच जावे आणि कांदा-बटाटा नेहमीप्रमाणे मंडईतूनच घ्यावा, कारण त्यांचे येथील दर चढे आहेत आणि त्यांच्यासमोर पाटीही नाही.