भाड्याचं पत्र्याचं कुंपण: दहा फुटांपर्यंत बिनधास्त, पंचवीसला जपून

मुंबईत साइटला भाड्याने पत्रे मारून देणारे ठेकेदार भरपूर आहेत आणि सगळ्यांचं कोटेशन सारखंच असतं: रनिंग फुटाचा दर, किमान भाडे-मुदत, डिपॉझिट, जाण्यायेण्याचं ट्रान्सपोर्ट वेगळं. त्यात पत्र्याचा रंग लिहिलेला असतो. खांब किती खोल जाणार, हे मात्र क्वचितच. आणि ही सेवा चांगली की वाईट, ते तिथेच ठरतं.

पाडकाम, गटाराचं काम, पायलिंगची (पायाच्या खोल खांबांची) चाचणी अशा काही महिन्यांच्या कामाला, दहा फुटांपर्यंतच्या उंचीला भाड्याचा सेट उत्तम. अँगलचे (एल आकाराच्या लोखंडी पट्टीचे) खांब, दोन-तीन आडवे पाइप, वर पत्रा. माणसं सराईत असतात, काम झटपट उरकतं. परदेशी पद्धतीचे काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभे राहणारे जाळीचे पॅनेलही मिळतात. कार्यक्रमाला, रांगेला ते ठीक; बांधकामाला नाहीत, कारण धूळ अडत नाही.

खरी गडबड उंचीची. ऑक्टोबर 2023 मधल्या महापालिकेच्या धूळ-नियमांनुसार एक एकरापेक्षा लहान प्लॉटवरच्या बांधकामाला किमान 25 फूट, मोठ्याला 35 फूट उंच पत्रा लागतो. इमारत 70 मीटरपेक्षा उंच जाणार असेल तर प्लॉट लहान असला तरी 35 फूटच. रिडेव्हलपमेंटवाले नेमके इथे फसतात. भाड्याच्या स्टॉकमध्ये 12 फुटी पत्रा सहज मिळतो, म्हणून ठेकेदार दोन ओळी लावून ‘पंचवीस झाले’ म्हणतो. सहा इंचांचा लॅप (पत्र्यावर पत्रा चढतो तो भाग) वजा केला की साडेतेवीसच भरतात. मग खाली फट सोडून पत्रा उचलायचा, नाहीतर वर हिरवी जाळी बांधायची. दोन्ही चालत नाही. तिसरी ओळ कोटेशनमध्येच लिहून घ्या.

आता वारा. आयएस 875 या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर आहे, म्हणजे चौरस मीटरला साधारण 118 किलो दाब. तात्पुरत्या बांधकामाची सवलत धरून तो निम्मा केला, तरी 25 फूट उंच कुंपणात अडीच मीटरवर खांब असेल तर एकेका खांबावर टनभराहून जास्त जोर येतो, तोही साडेबारा फुटांवर. दोन फुटी खड्ड्यात काँक्रीट ओतून उभा केलेला सुटा अँगल हे झेलत नाही. आतून तिरके टेके हवेत आणि टेक्याच्या पायालाही काँक्रीटचा ठोकळा हवा. टेके आतली दोन-अडीच मीटर जागा खातात. दादर-गिरगावच्या चिंचोळ्या प्लॉटवर ती नसते; तिथे स्कॅफोल्डिंगच्या पाइपांची दुहेरी चौकट करावी लागते आणि भाडं वाढतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं ड्रॉइंग मागितल्यावर जो कुरकुरतो, त्याच्याकडून उंच काम घेऊ नये. पत्र्यावर जाहिरातीचा फ्लेक्स तर चढवूच नका. 13 मे 2024 च्या वादळात घाटकोपरला होर्डिंग पडून 17 जण गेले. मे महिन्यात असे वादळी वारे येतात.

मोजमाप स्वतः करा. 40 बाय 30 मीटरचा प्लॉट धरला तर परिघ 140 मीटर, सहा मीटरचं गेट वजा जाता 134. साधारण 1.07 मीटर रुंदीचा पत्रा बाजूच्या लॅपनंतर एक मीटर भरतो, म्हणजे एका ओळीला 134 पत्रे. खांब अडीच मीटरवर, शिवाय कोपऱ्यांचे आणि गेटचे जादा. गेटचे खांब जाड सेक्शनचे घ्या, नाहीतर महिन्याभरात गेटची झडप लोंबते आणि जमिनीला घासते. स्क्रू पत्र्याच्या खोलगट भागात, रबरी वॉशरसकट मारलेला हवा. उंचवट्यावर मारला की पत्रा दबतो, भोक मोठं होतं आणि वाऱ्यात फडफडत तिथूनच फाटतो. उभ्या लॅपचं तोंड नैऋत्येकडे नको. तळाला वीटकामाचा ठेंगणा बांध घातला नाही तर पहिल्याच पावसात साइटचा चिखल रस्त्यावर.

खोदण्याआधी केबल, गॅस आणि पाण्याच्या लाइनी हाताने खड्डा घेऊन तपासा. फुटपाथवर यायचं असेल तर वॉर्ड ऑफिसची परवानगी आधी घ्यायची. ती ठेकेदार आणत नाही, काहीही सांगू देत.

पैशाचा वाद परतीला होतो. मोठ्या गाड्यांना शहरात दिवसा वेळेची बंदी असल्याने माल बऱ्याचदा रात्री उतरतो, मालाच्या चलनावर (पोच-पावतीवर) सही अंधारात होते आणि पाइप जोडायचे क्लॅम्प न मोजताच ‘मिळाले’ होतात. मोजल्याशिवाय सही नको. जुनी भोकं, पोचे, कापलेल्या कडा यांचे फोटो त्याच वेळी काढा. कापलेल्या पत्र्याचे पूर्ण पैसे लावतात. क्लॅम्प-बोल्ट भंगारवाल्याकडे पोचायला वेळ लागत नाही, म्हणून रस्त्याकडचे नट टॅक-वेल्ड करून (वेल्डिंगचा ठिपका मारून) घ्यावेत. काढताना कापायला दहा मिनिटं जास्त जातात, इतकंच.

दोन-तीन वर्षांच्या टॉवरला भाडं परवडत नाही. एकूण भाड्यात पत्रा विकत येतो आणि शेवटी भंगाराचे पैसेही हाती पडतात. तिथे ठेकेदाराकडून फक्त उभारणीची मजुरी आणि पावसाळ्याआधीची तपासणी घ्या.