आठ आठवड्यांत ७.६ किलो उतरले, त्यातले २.७ किलो चरबी नव्हतीच

आधी आकडे सांगते, कारण गोड बोलण्यात तेच गायब होतात. वजन उतरवण्याच्या आठ आठवड्यांच्या एका कार्यक्रमात पैसे भरून गेले होते. सुरुवातीला वजन ८४.० किलो, चरबी ३१.४ टक्के. आठ आठवड्यांनी वजन ७४.८, चरबी २२.६ टक्के. दोन्ही आकडे कार्यक्रमवाल्यांच्याच मशिनच्या छापील स्लिपांवर आहेत. नेहमीचं जेवण सुरू करून दोन दिवस झाल्यावर दुसरीकडे, त्याच मॉडेलच्या मशिनवर पुन्हा मोजलं. वजन ७६.४, चरबी २८.२ टक्के.

‘चरबी जाईल, स्नायू राहील’ असं सांगून हा कार्यक्रम विकला. फी एकरकमी, आगाऊ, परत न मिळणारी. वर एकेक किलोचे प्रोटीन पावडरचे पाच डबे सक्तीचे. रोज ३० ग्रॅमचे दोन स्कूप, ५६ दिवस, म्हणजे ३ किलो ३६० ग्रॅम. चार डब्यांत भागतं. पाचवा कशाला, हे मी विचारलं नाही. तुम्ही विचारा. जो माणूस डबे मोजून देत नाही, तो बाकीचंही काही मोजून देणार नाही.

सगळ्यात जास्त संताप येतो तो त्या शेवटच्या स्लिपचा. मधोमध ठळक २२.६. त्याखाली बारीक अक्षरांत वय, उंची आणि एक शब्द, ‘अ‍ॅथलीट’. पहिल्या स्लिपवर त्याच जागी ‘सामान्य’ छापलेलं आहे. हे मशिन चरबी मोजत नाही. ते अंगातून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडतं, त्याला किती अडथळा होतो ते बघतं आणि बाकीचं सूत्रावर सोडतं. अ‍ॅथलीट निवडलं की सूत्र धरून चालतं की या अंगात स्नायू जास्त आहेत. अंग तेच, पण एक बटण बदललं की टक्के खाली. शिवाय मोजण्याआधी मला ४० मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं होतं. कातडी तापलेली आणि रक्तप्रवाह वाढलेला असला की अडथळा कमी दिसतो, आणि चरबीही कमी दिसते. पहिलं माप मात्र संध्याकाळी, थंड बसल्या जागेवरून उठवून घेतलेलं.

आणि तो शब्द दिसला नाही असं धरलं, तरी वजाबाकी तर करता आली असती. ८४ चे ३१.४ टक्के म्हणजे २६.४ किलो चरबी. ७४.८ चे २२.६ टक्के म्हणजे १६.९. चरबी उतरली ९.५ किलो आणि वजन उतरलं ९.२. म्हणजे रोज १,२०० कॅलरी खाऊन, तिसऱ्या आठवड्यानंतर वजनाच्या बारला हात न लावता, ३०० ग्रॅम स्नायू वाढले? हा हिशेब मी इतरांना कितीदा तरी करून दाखवला आहे, आणि स्वतःच्या स्लिपवर केला नाही. याची लाज वाटते, आणि ती लपवणार नाही. पण एवढं म्हणेन, की आठ आठवडे अर्धपोटी राहिलेल्या माणसाला ठळक अक्षरात हवा तो आकडा दाखवला, की बारीक अक्षरांकडे डोळा जात नाही. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मोजणी म्हणूनच शेवटच्या दिवशी ठेवतात, तीही सगळ्यांसमोर आणि टाळ्यांच्या गजरात.

खरा हिशेब असा. ७६.४ चे २८.२ टक्के म्हणजे २१.५ किलो. चरबी उतरली ४.९ किलो. उरलेले २.७ किलो चरबी नव्हे. त्यात थोडं पाणी असेल, मान्य. पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी ६० किलोचे पाच स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन उठाबशा) करत होते, आणि शेवटी ४५ चे दोनही निघेनात. पाणी गेलं म्हणून एवढी ताकद जात नाही.

शेवटच्या तीन दिवसांत मीठ आणि पिष्टमय पदार्थ बंद करायला लावले होते. ही जुनीच युक्ती. ग्लायकोजेन म्हणजे स्नायू आणि यकृतातला साखरेचा साठा. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा रिकामा केला की काटा झपकन उतरतो आणि जेवलं की वर येतो. माझे १.६ किलो दोन दिवसांत परत आले. म्हणून एका दिवसाच्या वजनावर कोणालाही शाबासकी देऊ नका. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी मागच्या सात दिवसांशी ताडा. टेप नाभीवर ठेवून कंबर मोजा. टेपला सूत्र नसतं.

त्यांनी बार बंद करायला लावला तोच खरा घात. त्यांचं म्हणणं, ‘वजनं उचलली की अंग भरेल, आता रबरी पट्टे आणि स्टेप करा, कमी वजन, जास्त रेप्स (आवर्तनं), त्याने चरबी कापली जाते.’ कापली वगैरे काही जात नाही. खाणं कमी पडतं तेव्हा शरीर जे वापरात नाही ते मोडून खातं. जड वजन हाच स्नायूसाठी ‘मी लागतो’ असा निरोप असतो. उपाशी दिवसांत थकवा आला तर सेट (रेप्सच्या फेऱ्या) कमी करा, पाचाचे तीन करा, पण बारवरचं वजन उतरवू नका. स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), प्रेस (बार ढकलणं), रो (बार अंगाकडे ओढणं) यांतलं प्रत्येक आठवड्यातून दोनदा, ५ ते १० रेप्स, आणखी एक-दोन निघतील अशा बेताने थांबायचं. वहीत लिहा. सलग दोन आठवडे आकडा घसरला, तर खाणं वाढवायचं असतं, व्यायाम हलका करायचा नसतो. मी तिसऱ्या आठवड्यात विचारलं होतं. ‘विश्वास ठेवा’ असं उत्तर आलं. असं उत्तर मिळालं की त्याच दिवशी बाहेर पडा.

आता डबा. लेबलवर ३० ग्रॅमला २४ ग्रॅम प्रोटीन, आणि घटकांच्या यादीत व्हेच्या (दुधापासून मिळणाऱ्या प्रोटीनच्या) लगेच मागे ग्लायसिन आणि टॉरिन ही सुटी अमिनो आम्लं. प्रयोगशाळेत सहसा प्रोटीन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात. ग्लायसिन आणि टॉरिन स्वस्त असतात आणि त्यांतही नायट्रोजन असतो, म्हणून आकडा फुगतो. डबा घेण्याआधी ल्युसिन, म्हणजे प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल, किती आहे ते बघा. खऱ्या व्हेच्या प्रोटीनमध्ये ते साधारण १० ते ११ टक्के असतं, म्हणजे २४ ग्रॅमला अडीच ग्रॅमच्या आसपास. माझ्या डब्यावर १.३ ग्रॅम लिहिलेलं आहे. म्हणजे खरं प्रोटीन निम्मंच. आराखड्यात दिवसाला ६२ ग्रॅम प्रोटीन होतं, त्यातलं ४८ या डब्याचं. प्रत्यक्षात पोटात गेलं ३८-३९ ग्रॅम. ल्युसिनचा आकडाच छापला नसेल, तर डबा घेऊ नका.

वजन उतरवताना अंगाच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ते २.४ ग्रॅम प्रोटीन लागतं. ८४ किलोला किमान १३४. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.) २०१६ मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी तरुण पुरुषांना चार आठवडे सुमारे ४० टक्के कमी कॅलरी दिल्या आणि भरपूर व्यायाम करून घेतला. किलोमागे २.४ ग्रॅम प्रोटीन खाणाऱ्यांची चरबी ४.८ किलो उतरली आणि चरबीविरहित वजन १.२ किलो वाढलं. १.२ ग्रॅमवाल्यांची चरबी ३.५ किलो उतरली आणि चरबीविरहित वजन जवळपास तेवढंच राहिलं. वेगाचंही तसंच. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे ८४ किलोला ४२० ते ८४० ग्रॅम. त्याहून जास्त वेगाची हमी देणारा तुमचे स्नायू विकत असतो.

‘भेट’ म्हणून ६० कॅप्सूलची बाटली दिली, घटकांची यादी नसलेली. त्या मी घेतल्या नाहीत. अशा बाटल्यांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे ते औषध २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं गेलं.

आणि तक्रार? ग्राहक तक्रार कक्षात पहिलाच प्रश्न, ‘वजन कमी झालं ना? मग फसवणूक कसली?’ मी दोन्ही स्लिपा पुढे ठेवल्या, ‘अ‍ॅथलीट’वर बोट ठेवलं. साहेबांनी काटा बरोबर आहे का एवढंच विचारलं. काटा बरोबरच आहे हो! टक्के खोटे आहेत. त्यावर, टक्के आमच्या कक्षेत येत नाहीत, वजन-मापांच्या कार्यालयात जा. तिथे सांगितलं की आम्ही काटे तपासतो, सूत्रं नाही. आरोग्य खात्याने सांगितलं की पावडर औषध नाही. अन्न तपासणीवाल्यांना उघडा डबा चालत नव्हता. पोलिसांनी करारपत्र वाचून दाखवलं, ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलतात’, खाली माझी सही. पाच दारं, आणि प्रत्येक ठिकाणी मला माझ्याच उतरलेल्या वजनाची शाबासकी! किलोभर साखरेत पाव किलो वाळू निघाली तर हेच लोक पंचनामा करतील. इथे २.७ किलो माझ्या अंगातून गेले, तर त्याचा रकाना कुठल्याच अर्जात नाही.

करारपत्रात मोजणीची पद्धत लिहून घ्या. तीच वेळ, तेच मशिन, तोच पर्याय, उपाशीपोटी, व्यायामाआधी. ते नकार देतील, आणि तेवढ्यावरून तुम्हाला कळेल.

तो पाचवा डबा शेवटी कामी आला, कारण तो सीलबंद होता. अन्न तपासणीवाल्यांकडे नेला तर म्हणाले, याचा बॅच नंबर तुमच्या उघड्या डब्यांपेक्षा वेगळा आहे. तरी नमुना म्हणून ठेवून घेतला. पोच मागितली तर ‘उद्या या’. उद्या गेले तेव्हा तो टेबलावरचा माणूस रजेवर होता, आणि डबा कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. लेबलचे चारही बाजूंनी फोटो आधीच काढून ठेवा, आणि पोच हातात पडेपर्यंत डबा सोडू नका.