उद्यमनगरातलं गॅरेज: फॅनबेल्टची चिवचिव शेवटी कुठं सापडली

आईला डायलिसिससाठी मी आठवड्यातून दोनदा गारगोटीहून कोल्हापूरला घेऊन येते. पहाटे साडेपाचला गाडी काढायची, मागच्या सीटवर तिची उशी, पाण्याची मोजून भरलेली छोटी बाटली. दिवाळीनंतर महिनाभरात बॉनेटखालून आवाज यायला लागला. आई म्हणाली, "आत पाखरू अडकलंय का गं?" अगदी तसाच आवाज होता. टिव् टिव् टिव्, एका ठेक्यात. रेस दिली की ठेका जलद व्हायचा, गाडी पळायला लागली की ऐकू यायचा नाही, आणि मुदाळतिट्ट्याला उसाच्या ट्रॉल्यांमागं थांबलं की पुन्हा सुरू.

या गॅरेजबद्दल लिहिण्याआधी दोन ठिकाणी काय झालं ते सांगते, म्हणजे फरक कळेल. पहिल्या ठिकाणी बॉनेट उघडायच्या आधीच "बेल्ट गेलाय" म्हणाले. नवा बेल्ट, मजुरीसकट ११५० रुपये. नऊ दिवस शांतता, दहाव्या दिवशी पाखरू परत. पुन्हा गेले तर बेल्ट आणखी आवळून दिला. तिसऱ्या वेळी म्हणाले, बॅटरी चार्ज करणारा अख्खा अल्टरनेटर बदला, ८५०० होतील, आणि घरातल्या कुणाला तरी पाठवा म्हणजे समजावून सांगतो. गाडी मी चालवते, पैसे मी देणार, आणि समजावून दुसऱ्याला सांगणार! तिथून निघाले ती परत गेले नाही. दुसऱ्या ठिकाणी बेल्टवर कसलासा स्प्रे मारला. दोन दिवस बरं वाटलं, मग त्या चिकट थरावर धूळ बसली आणि आवाज दुप्पट झाला.

मला भीती आवाजाची नव्हती. माझ्या गाडीत त्याच एका बेल्टवर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरतात. बेल्ट तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि इंजिन तापायला लागतं, गाडी आहे तिथंच थांबवावी लागते. चार तासांचं डायलिसिस करून थकलेल्या आईला घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, हा विचार रोज पहाटे किल्ली फिरवताना यायचा.

शाळेतल्या एका सहकाऱ्यानं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या या मिस्त्रींचं नाव सुचवलं. पत्र्याची शेड, दोन गाड्या मावतील एवढीच जागा, शेजारी लोखंड कातून भाग बनवणारा लेथवाला. मिस्त्री साठीच्या पुढचे असतील. त्यांनी आधी पान्याला हातच लावला नाही. प्रश्न विचारले. "ताई, आवाज कवा येतोय? गार इंजिनाला, का तापल्यावर पण? एसी लावला की बदलतोय काय? दिवाळीच्या आधी गाडीत काय काम केलंय?" शेवटच्या प्रश्नावर मला आठवलं, अल्टरनेटरचं बेअरिंग बाहेर एका ठिकाणी बदलून घेतलं होतं. "हां," एवढंच म्हणाले.

मी जुना बेल्ट डिकीत ठेवला होता, तो दाखवला. त्यांनी तो उन्हात धरून आतली बाजू बाहेर उलटी केली. सहा धारांचा, म्हणजे आतून लांबीत सहा उंचवटे असलेला बेल्ट, पाठीवर ६पीके असं छापलेलं. ६ म्हणजे धारा, आणि पुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी, हे मला त्या दिवशी कळलं. एका कडेची धार घासून चकचकीत झाली होती आणि तिथून बारीक सुतं निघाली होती. दुसरी कड नव्यासारखी. "ह्यो एका अंगानं रगडलाय बघा. ढिला असता तर सगळ्या धारा चकाकल्या असत्या."

मग पाण्याची परीक्षा केली. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडलेलं, तीच त्यांची पिचकारी. मला म्हणाले, ओढणी गाठ मारून मागं टाका आणि हात हितनं पुढं न्यायचा न्हाई. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या धारांच्या बाजूवर बारीक पाणी सोडलं. आवाज एकदम गप्प. मी मनात मोजत होते. आठपर्यंत आले आणि टिव् टिव् परत. त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहिते: पाणी मारल्यावर आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी. आवाज थांबून पाणी उडाल्यावर परत आला तर पुल्या, म्हणजे बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाकं, एका ओळीत नाहीत. घसरणारा बेल्ट लांब किंचाळतो, तिरका चाललेला बेल्ट चिवचिवतो. आईचं पाखरू दुसऱ्या जातीचं होतं.

बेल्टच्या मधल्या लांब भागावर त्यांनी अंगठा दाबला, जवळजवळ हललाच नाही. माझ्या गाडीला तिथं ८ ते १० मिलिमीटर दबायला पाहिजे म्हणाले. पहिल्या गॅरेजनं एवढा आवळला होता की आणखी काही महिन्यांत अल्टरनेटरचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलं असतं. ते ऐकून माझा जीव खालीवर झाला.

बेल्ट उतरवून इंजिन काही सेकंदच चालवलं, कारण तेवढा वेळ पंप फिरत नसतो. आवाज नाही. म्हणजे खोड इंजिनात नव्हती. बंद करून एकेक पुली हातानं फिरवली, कान जवळ नेऊन. खरखर कुठंच नव्हती. ८५०० रुपयांचा अल्टरनेटर चांगला होता.

त्यानंतरचं काम मी उभं राहून बघितलं. एक सरळ पोलादी पट्टी खालच्या मोठ्या पुलीच्या तोंडावर धरली आणि वर अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत नेली. वर फट दिसली. खिशातून दोन मिलिमीटरचा ड्रिल काढला आणि त्याची दांडी त्या फटीत घातली. अंगाबरोबर बसली. "दोन," म्हणाले आणि मला वाकून बघायला लावलं. पुली दोन मिलिमीटर आत गेली होती. नट काढल्यावर कारण हातात आलं: बेअरिंग आणि पुली यांच्यामध्ये एक लोखंडी कॉलर, म्हणजे जाड कडं असतं, दिवाळीआधी बेअरिंग बदलताना तिथं कुणीतरी दुसऱ्या गाडीची पातळ कॉलर घातली होती. जाडी मोजायच्या व्हर्नियरनं मोजली तर ६ मिलिमीटर. पाहिजे होती ८ ची.

अशी कॉलर सुट्टी मिळत नाही म्हणाले, आणि पातळ कॉलर घेऊन शेजारच्या शेडमध्ये गेले. लेथवर निळसर कीस गुंडाळत खाली पडत होता. वीस मिनिटांत नवी कॉलर तयार, अजून कोमट. उद्यमनगरात गाडी आणायचा हा खरा फायदा आहे, दुसरीकडं तिथंच अडलं असतं. स्प्रेचा चिकट थर त्यांनी साबणाच्या पाण्यानं आणि ब्रशनं पुलीच्या खाचांतून काढला, बेल्टही धुऊन वाळवला. नवा बेल्ट मागायला मी तयार होते. त्यांनी घातला नाही. "दोन म्हैन्यांचा हाय, धारा शाबूत हायत. पावसाळ्याच्या तोंडाला दाखवून जावा." पट्टी पुन्हा लावली, या वेळी फट नव्हती.

कॉलर १५०, मजुरी ५००. एकूण ६५० रुपये. काढलेली कॉलर कागदात गुंडाळून मला दिली.

कमी काय आहे तेही सांगते. बसायला जागा नाही, एक प्लास्टिकची खुर्ची आहे आणि ती उन्हात असते. बायकांना जायला सोय नाही, मला रिक्षा करून आई होती त्या दवाखान्यात जाऊन यावं लागलं. तीन तास लागले. छापील बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतात, त्यामुळं कंपनीला बिल लावायचं असेल तर अडचण होईल. फोनवर नंबर लावत नाहीत, जो आधी येईल त्याची गाडी आधी. माझे तारे पाचपैकी पाच, पण खुर्चीवर सावली करा हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

काम फेब्रुवारीत झालं, आता एप्रिल संपत आला. पंधराहून जास्त फेऱ्या झाल्या. आवाज नाही. मागच्या आठवड्यात बिद्रीजवळ थांबलो होतो, इंजिन चालू, काच खाली. आईनं कान देऊन ऐकलं आणि उशी सरळ करून झोपली.

जाणार असाल तर साडेनऊच्या आत पोचा, सोमवारी बंद असतं. जुना बेल्ट फेकला नसेल तर सोबत न्या. आणि अलीकडं गाडीत कुठलं काम झालंय ते आठवून जा, ते विचारणारच.