जातवार बोर्डिंग की सगळ्यांचं एकच बोर्डिंग?

खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा नसली, की शिक्षण तिथंच थांबायचं. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी यावर समाजवार वसतिगृहांचा मार्ग काढला. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. त्या काळी हेच शक्य होतं. प्रत्येक समाजाला आपलं वाटेल असं छप्पर मिळालं, देणगीदार पुढे आले, मुलं शिकली. पण ती एकमेकांच्या ताटापासून लांबच राहिली.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये दुसरी वाट धरली. सगळ्या जातिधर्मांची मुलं एकाच छताखाली. स्वयंपाक मुलांनीच करायचा. ज्याच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं, त्यानं थापलेली भाकरी इथं सगळ्यांच्या ताटात पडायची. समतेवरच्या शंभर भाषणांनी जे साधत नाही ते इथं रोजच्या जेवणात साधायचं. शिवाय कष्टाची लाज जायची, ते वेगळंच. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं, हे मला फार योग्य वाटतं.

मला विचाराल तर मुलासाठी दुसरा पर्याय निःसंशय सरस. लहानपणी शेजारी बसून जेवलेल्या पोराबद्दल मोठेपणी भलतंसलतं सहजी पटत नाही.

पैशाच्या बाजूनं मात्र हा मार्ग खडतर होता. पाठीशी एक समाज नव्हता. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही.