पांढऱ्या गावांची टूर: निवांत एकदम, पण जेवणाची बोंब

लातूरहून आम्ही चौघं, आई-बाबा धरून, स्पेनमधल्या अंदालुसियाच्या पांढऱ्या गावांची छोट्या गाडीची टूर केली, कंपनीचं नाव घेत नाही. भारी काय तर पळापळ नाही, दिवसाला एकच गाव. रोंदाचा १७९३ चा पूल जवळपास १०० मीटर खोल दरीवर, बाबा कठडा धरून खाली बघतच राहिले. सेतेनिलला तर घरांवर छत म्हणून आख्खा खडकच, त्याच्याखाली बसून कॉफी पिलो. घरांना चुना का तर ऊन परतवायला, आई लगेच म्हणली आपल्याकडं पण गावठाणाला पांढरीच म्हणतेत की! भिंतीला हात लावला तर बोटाला चुना लागला, तिनं तो पदराला पुसला.

आता तक्रार. व्हेज सांगून ठेवलं होतं तरी पहिल्याच दिवशी भाज्यांच्या सँडविचमध्ये मासा निघाला, तिकडं म्हणे असंच असतं, अरे मग आधी सांगा ना. दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, हे पण कोणी बोललं नाही, बसलो पायऱ्यांवर ब्रेड अन् शेंगदाण्याची चटणी खात. गुडघे दुखत असतील तर गाडी वर कुठवर जाते ते विचारूनच बुक करा, चढ लई बेकार.